नकाशा मुलांच्या हातात दे

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
६ डिसेंबर

चि. सुमी हीस,


तुझं पत्र आणि सोबतचं वेळापत्रक मिळालं. चौथीचा वर्ग घेऊन पन्हाळ्यावर तीन दिवस, दोन रात्री मुक्काम करायचा, रान बघायचं आणि नकाशा वाचायला शिकायचं, हा बेत वाचून फार बरं वाटलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मुख्याध्यापकांनी एवढी जबाबदारी टाकली, म्हणजे तुझ्यावर भरवसा बसलेला दिसतो.

आता वेळापत्रकाकडे येतो. पहिल्याच दिवशी तू तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी, तबक उद्यान आणि सोमाळे तलाव एवढं सगळं कोंबलं आहेस. अशा दिवसात मुलं बाईंच्या मागून पळतात आणि बाई घड्याळाच्या मागून. संध्याकाळी एखाद्याला विचार, ‘आपण कुठून कुठे गेलो रे?’ त्याला जेवणात काय होतं ते सांगता येईल, वाट सांगता येणार नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: नकाशा मुलांच्या हातात दे आणि तू रांगेच्या शेवटी चाल. ते कसं जमवायचं, तेवढंच खाली लिहितो.

तयारी शाळेतच सुरू कर. आपण छतावर बसून खाली बघतोय असं समजून वर्गाचं चित्र काढायला सांग. पहिल्या खेपेला पोरं बाकांना चार पाय काढतील, फळा भिंतीवर उभा करतील. खोडायला जाऊ नकोस. ‘वरून बघितलं तर बाकाचे पाय दिसतील का?’ एवढंच विचार आणि नवा कागद दे. मग मैदान पावलांनी मोजायला लाव. एकाची साठ पावलं भरतील, दुसरीची बहात्तर, आणि भांडण सुरू होईल. ते मिटवायला जाऊ नकोस. आपल्याला सगळ्यांना एकच माप का लागतं, हे त्या भांडणातूनच कळतं. प्रमाण हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिही.

तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलांनी आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहिलेला असतो. पण तो भिंतीवर टांगलेला पाहिल्यामुळे ‘उत्तर म्हणजे वर’ असं डोक्यात पक्कं बसतं. तेव्हा नकाशा जमिनीवर अंथर. गडावर गेल्यावर पूर्वेला जोतिबाचा डोंगर दिसेल. कागदावरचा जोतिबा खऱ्या जोतिबाच्या दिशेला येईपर्यंत नकाशा फिरवायचा आणि मगच त्यावर बोट ठेवायचं, ही सवय पहिल्या तासाला लाव. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील.

दिशांच्या बाबतीत आपण मास्तर लोक एक गोष्ट सरधोपट सांगून टाकतो: सूर्य पूर्वेला उगवतो. तू जाणार डिसेंबरच्या शेवटी. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य पूर्वेपासून जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. सकाळी मुलांना होकायंत्र घेऊन उभं कर आणि काय दिसतं ते त्यांनाच सांगू दे. ‘बाई, पुस्तकात चुकलंय,’ असं एखादा म्हणाला तर त्याला शाबासकी दे. मग मीटरभर लांबीची काठी मोकळ्या जागी सरळ रोवा. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सगळ्यांत आखूड सावली बाराला पडत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे कोल्हापूरकडचं खरं माध्यान्ह साडेबारा उलटून गेल्यावर होतं. त्या वेळी सावली साधारण ८४ सेंटिमीटर भरेल आणि बरोबर उत्तर दाखवेल. रात्री त्याच दिशेला ध्रुव शोधा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते. पन्हाळ्यावरून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्याही खालीच सापडतो, कारण आपला अक्षांश सतराच्या जवळ आहे. अक्षांश हा शब्द मुलांना अवघड वाटतो, मुठी मोजणं वाटत नाही.

समोच्च रेषा शिकवताना तू घाबरतेस असं लिहिलंस. घाबरण्यासारखं काही नाही. आपली पोरं दिवाळीत दारात मातीचे किल्ले करतात, तेच इथे कामाला येतं. एका मोठ्या घमेल्यात ओल्या मातीचा पन्हाळा करायला सांग. एका बाजूला कडा उभा, दुसऱ्या बाजूला उतार सौम्य. मग घमेल्यात बोटभर पाणी ओत. पाणी जिथे मातीला टेकलं तिथे काडीने गोल रेघ ओढायची. आणखी बोटभर पाणी, आणखी एक रेघ. असं माथ्यापर्यंत. नंतर पाणी काढून टाका आणि वरून बघा. कड्याच्या बाजूला रेघा एकमेकींना चिकटलेल्या, उताराकडे ऐसपैस. हाच समोच्च रेषांचा नकाशा. यात भिजायला भरपूर मिळतं, म्हणून हे दुपारच्या उन्हात कर.

इथे थांबून मुलांना पुराबद्दल विचार. तुझ्या वर्गातल्या कित्येकांची घरं नदीकाठच्या भागात असतील. २०१९ च्या ऑगस्टात ती अगदी लहान होती, पण घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं त्यांना पाठ असतं. पाणी ओसरल्यावर भिंतींवर जी गाळाची रेघ राहिली, ती एका वस्तीत जवळजवळ एकाच पातळीत होती. घमेल्यातल्या रेघेत आणि त्या रेघेत फरक काही नाही. चिखली आणि आंबेवाडीला पाण्याने वेढा का पडतो आणि थोड्याच अंतरावरचं दुसरं गाव कोरडं का राहतं, हे कागदावर वाचता आलं तर राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे नुसते बातम्यांतले आकडे राहत नाहीत. नकाशावाचन कोल्हापूरच्या पोरांच्या गरजेचं आहे, असं मला वाटतं ते याचसाठी.

गडाच्या माथ्यावर उभं राहून आणखी एक प्रश्न टाक. उत्तरेच्या अंगाला पडलेला पाऊस कुठे जाईल आणि दक्षिणेच्या अंगाला पडलेला कुठे? एक थेंब वारणेला मिळून सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत जातो. दुसरा कासारीतून पंचगंगेत, आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. गडावरून निघालेले दोन शेजारी एवढा वळसा घालून पुन्हा एकाच नदीत भेटतात. निळ्या रेषांवरून बोट फिरवत हे मुलांनी स्वतः शोधायचं. तू उत्तर माहीत नसल्यासारखी बस.

कागदांचं सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून हे काम करतो. त्यांच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर. जुन्या क्रमांकाप्रमाणे पन्हाळा ४७ एल/१ वर येतो आणि आपलं स्टेशन, रंकाळा ४७ एल/२ वर. दोन्ही पत्रकं शेजारी जोडून ठेवलीस की घरापासून गडापर्यंतची वाट सलग दिसेल. मात्र या पत्रकावर अख्खा गड लहान मुलाच्या तळहाताएवढा होतो, म्हणून फिरण्यासाठी त्याचा उपयोग नाही. फिरायला तू स्वतः १ सेंटिमीटरला ५० मीटर या मापाने गडाचा साधा नकाशा काढ: वाटा, बुरूज, तळी, देवळं. काही जागा मुद्दाम कोऱ्या सोड, त्या मुलांनी भराव्यात. मोठ्या पत्रकावर मात्र मसाई पठार शोधायला लाव. चौथीला शिवचरित्र आहेच. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज विशाळगडाकडे गेले, ते त्याच पठारावरून. तिथे रेषा किती विरळ आहेत आणि दोन्ही बाजूंना किती दाट, हे बघितलं की अंधारात, भर पावसात ती वाट का धरली असेल, यावर मुलं स्वतःहून बोलू लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी चाल. पाच-पाच मुलांचे गट कर. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस असू दे, पण त्याने तोंड उघडायचं नाही, अशी अट घाल. फक्त तटाच्या कडेला आणि रस्त्यावर त्याने बोलायचं. नकाशा दर थांब्याला हातोहात फिरला पाहिजे. आपल्याकडे होकायंत्र मुलाकडे जातं आणि वही मुलीकडे, हे घडू देऊ नकोस. आणि वाचनात मागे असलेलं पोर नकाशा धरल्यावर पुढे निघालेलं दिसलं, तर तिथेच सगळ्यांसमोर त्याला वाट विचार. एखादा गट चुकीच्या फाट्याला वळला, तर शंभर पावलं जाऊ दे. मग ‘आता डावीकडे काय दिसायला हवं होतं?’ असं विचार. चुकलं कुठे हे त्यांनीच ओळखून मागे फिरणं, हा त्या दिवसाचा सगळ्यांत मोठा धडा. जागा दोनच ठेव. तटबंदीचा घेर सातेक किलोमीटर आहे. सगळा पालथा घालायची गरज नाही.

रान बघतानाही हीच रीत. दोरीने एक चौरस मीटर जागा आखून दे आणि अर्धा तास तिथेच बसव. मुंग्या, शेणकिडे, वाळलेल्या शेंगा, जांभ्याचा लालसर खडा, सगळं नोंदू दे. झाडांची नावं सांगण्याची घाई नको. करवंदाची जाळी काट्यांवरून, जांभूळ पानाच्या वासावरून त्यांना ओळखता आलं की नाव आपोआप चिकटतं. खालचा खडक काळा आणि माथ्यावरचा तांबडा का, एवढा प्रश्न घेऊन परत आले तरी पुष्कळ. गुरं राखणारं कुणी भेटलं तर वाटा आणि पाणवठे त्यांना विचारायला लाव, आणि ते सांगतील ते नकाशात भरू दे.

हे मी काही नवीन सांगत नाही. तारा‌बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या भागात गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली होती. आपल्या गावात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांचा अनुभव पुढे ठेवून शिकवणं कसं असतं ते दाखवलं. लीलाताईंचं लिखाण शाळेच्या ग्रंथालयात असेल, जाण्याआधी वाच.

आता रात्रीचं. कितीतरी पोरं पहिल्यांदाच आईविना झोपणार. एखादं रडेल, एखाद्याचं अंथरूण ओलं होईल. दोन-तीन जादा चादरी आणि विजारी तुझ्याजवळ ठेव आणि सकाळी कुणाला कळू न देता बदल. घरच्यांना रोज रात्री एकच निरोप पालकांच्या गटावर जाईल, मुलांशी फोन होणार नाही, हे पालकसभेत आधीच सांगून टाक. संमतीपत्रावर औषधं आणि ॲलर्जी लिहून घे. गडावरचं ग्रामीण रुग्णालय आणि खाली कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय, दोन्हीकडचे फोन भिंतीवर लावलेले असू देत. १०८ मुलांनाही पाठ हवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात: धूर नाही, अत्तर नाही, दगड मारणं तर नाहीच. जांभ्याच्या खबदाडांत फुरसं असू शकतं, म्हणून हात घालण्याआधी बघायचं आणि बूट झटकून घालायचे. बुरजांच्या कडेपासून किती अंतर ठेवायचं तेही मुलांनीच पावलांत ठरवून नकाशावर लाल रेघेने दाखवावं. स्वतः आखलेली रेघ पोरं सहसा ओलांडत नाहीत.

शिक्षण विभागाची परवानगी आणि एसटीच्या सवलतीचे कागद वेळेत दे. केंद्रप्रमुख अहवाल मागतील, तो दोन पानांत संपव. खरा अहवाल मुलांनी काढलेले नकाशे. ते नीटनेटके करायच्या फंदात पडू नकोस. वाकड्या वाटा आणि खोडाखोड तशीच भिंतीवर लाव.

आणि परत आल्यावर थांबू नकोस. प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीचा नकाशा काढावा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते त्यावर निळ्या रंगाने दाखवावं आणि सामान घेऊन कोणत्या वाटेने वर निघायचं ते हिरव्याने. चाळीस गल्ल्यांचे चाळीस कागद जोडलेस की शाळेकडे आपल्या भागाचा स्वतःचा पूरनकाशा तयार होईल. पुढच्या जुलैत पालकसभा घेऊन तो मुलांनीच आपापल्या घरच्यांना समजावून सांगावा. तेव्हाही तू मागच्याच बाकावर बस.

माझी तीन होकायंत्रं कपाटात पडून आहेत. रविवारी येऊन घेऊन जा, मामी जेवायला थांबवणार आहेच.

तुझा,
मामा