हार्ड डिस्क बदलताना
घरच्या संगणकावर दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी बांधवांनी डिस्क बदलताना नुसत्या फायली उतरवू नयेत. त्याने नव्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करावा लागतो. क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट मिळतो. मात्र त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. कोणती डिस्क जुनी, कोणती नवी, हे सिरियल नंबर पाहून दोनदा तपासावे. इथे उलट झाले, तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरते आणि वर्षाची उधारी पुसली जाते! म्हणून खात्यांची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढावीच. जुनी डिस्क खडखडत असेल तर क्लोन राहू द्या, प्रथम खाती वाचवा. ५०० जीबीवरून १ टीबीवर गेल्यास वाढीव जागा सहसा रिकामीच पडून राहते. विभाग नंतर वाढवावा लागतो. जुनी डिस्क महिनाभर तरी विकू नये.