युक्रेनचे निर्वासित व स्वयंसेवक : एक अभ्यास



निर्वासितांना मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिला दिवस उभा राहतो. स्टेशनचा फलाट, गर्दी, सूपची पातेली, पांघरुणे, रडणारी मुले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले, आणि त्यानंतरच्या काही दिवसांत पोलंडच्या सीमेजवळील प्शेमिशल या गावच्या स्टेशनवर हेच दृश्य जगाने पाहिले. तेथील आयांनी आपल्या मुलांच्या बाबागाड्या फलाटावर ओळीने ठेवून दिल्या होत्या. गाडीतून उतरणाऱ्या आईने त्यातली एक घ्यावी, मूल ठेवावे आणि चालू लागावे. देणारी समोर उभी नाही, आभार मानायची गरज नाही.

ते छायाचित्र पाहून आम्हीही हेलावलो. परंतु आम्ही पडलो बँकेचे कारकून. आमच्या मनात लागलीच दुसरा प्रश्न आला, की आता या बाईचे खाते कोण उघडणार आणि ती पत्त्याचा पुरावा काय देणार? हसू येईल, पण पुनर्वसन या मोठ्या शब्दाचा अर्थ बहुतांशी एवढाच असतो. फलाटावरचा पहिला दिवस हजारो माणसे सांभाळतात. दोनशेव्या दिवशी मात्र कार्यालयातील बाकावर त्या बाईशेजारी एखादेच माणूस बसलेले असते. या लेखात आम्ही त्या दोनशेव्या दिवसाचा विचार करणार आहोत.

प्रथम थोडी माहिती. युद्धाच्या सुरुवातीस युक्रेनने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना, काही अपवाद वगळता, देशाबाहेर जाण्यास मनाई केली. त्यामुळे जे बाहेर पडले त्यांत बायका, मुले व म्हातारी माणसे यांचाच भरणा होता. युरोपीय संघाकडे २००१ साली केलेला तात्पुरत्या संरक्षणाचा एक कायदा होता. एकवीस वर्षांत तो एकदाही वापरला गेला नव्हता. ४ मार्च २०२२ रोजी तो प्रथमच लागू झाला आणि युक्रेनवासीयांना राहण्याचा, काम करण्याचा, मुलांच्या शाळेचा व औषधोपचाराचा हक्क एकदमच मिळाला. चाळीस लाखांहून अधिक लोक या कायद्याखाली आले. हक्क कागदावर मिळाला, ही मोठी गोष्ट झाली. पण कागदावरचा हक्क हातात यायला मध्ये एक खिडकी असते, आणि त्या खिडकीच्या आत आमच्यासारखा एक माणूस बसलेला असतो.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर बांधकामावर काम करणारी एक बाई खाते उघडायला आली होती. गाव दूरचे, शहरात पत्ता नाही, भाड्याची पावती नाही. आम्ही तिला तीन वेळा परत पाठवले, नियमावर बोट ठेवूनच. चौथ्या वेळी तिच्याबरोबर कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला. त्याने भांडण केले नाही, तिच्या वतीने बोललाही नाही. फक्त म्हणाला, "साहेब, कोणता कागद चालेल तेवढे लिहून द्या." लिहून द्यायचे म्हटल्यावर आम्हाला परिपत्रक उघडावे लागले, आणि चालणारा कागद त्या बाईच्या पिशवीतच निघाला. स्वयंसेवक म्हणजे काय, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता ब्रिटनचे उदाहरण घेऊ. युरोपीय संघातून बाहेर पडलेला असल्याने त्या देशास वरील कायदा लागू नव्हता. त्याने मार्च २०२२ मध्ये 'होम्स फॉर युक्रेन' ही योजना काढली. सामान्य कुटुंबाने आपल्या घरातील खोली किमान सहा महिने द्यायची, भाडे घ्यायचे नाही, आणि सरकारने यजमानास महिना ३५० पौंड आभारादाखल द्यायचे. एक लाखाहून अधिक लोक या वाटेने आले. स्थानिक कौन्सिलचा माणूस घर पाहून जाई, यजमानाची पोलीस-चौकशी होई, आणि प्रत्येक पाहुण्यास सुरुवातीच्या खर्चासाठी २०० पौंड मिळत.

समजा, खार्किवमधील एक हिशेबनीस बाई आहे. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा व सासू, नवरा मागे राहिलेला. ती इंग्लंडमधील एका लहान गावात येऊन पोचली. पहिल्या महिन्यात तिला काय काय करावे लागेल? ओळखपत्र, विमा क्रमांक, डॉक्टरकडे नोंदणी, मुलाची शाळा, सरकारी भत्त्याचा अर्ज, बँकेचे खाते. भत्त्याचा पहिला हप्ता सुमारे पाच आठवड्यांनी येतो, आणि तो खात्यातच येतो. म्हणजे आधी खाते. शाळा सुरू झाली की मुलगा दिवसा इंग्रजी शाळेत, आणि उरलेल्या वेळी संगणकावर युक्रेनच्या शाळेत. कारण परत गेलो तर वर्ष वाया जायला नको. अशी दोन-दोन शाळा करणारी मुले सर्वच देशांत दिसली. त्यांच्या थकव्याकडे स्वयंसेवकांचे लक्ष फार उशिरा गेले, असे आमचे मत आहे.

नावाचा घोळ तर आमच्या चांगला ओळखीचा. आपल्याकडे एका कागदावर राजेंद्र आणि दुसऱ्यावर राजेंद्रकुमार असले तर केवढी यातायात होते. तिकडे लिपीच वेगळी. तेच नाव युक्रेनी उच्चाराने ओलेक्सान्द्र आणि रशियन उच्चाराने अलेक्सान्द्र. जुन्या कागदावर एक, नव्या पासपोर्टवर दुसरे. शिवाय कित्येक आडनावांचा शेवट स्त्री-पुरुषांप्रमाणे बदलतो. मुलगा कोवाल्स्की, तर आई कोवाल्स्का. तिकडच्या रीतीप्रमाणे आडनाव एकच, परंतु परदेशी कारकुनाला ती दोन दिसतात आणि हे मूल या बाईचेच कशावरून, अशी शंका येते. जाणता स्वयंसेवक अशा वेळी जन्मदाखल्याचे भाषांतर आधीच करून ठेवतो.

पैशाचेही तसेच. घर सोडताना बायांनी रोकड घेतली होती ती रिव्नियामध्ये. सीमेपलीकडे त्या नोटा कोणी बदलून देईना. युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने दर गोठवला होता आणि घेतलेल्या नोटा पुढे खपवायच्या कोठे, हा बँकांचा प्रश्न होता. खिशात आयुष्याची पुंजी आणि ब्रेड घ्यायला पैसे नाहीत, अशी गत झाली. मार्च २०२२ मध्ये पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने युक्रेनच्या राष्ट्रीय बँकेशी करार केला व प्रत्येक प्रौढ माणसास १०,००० रिव्नियापर्यंत बदलून देण्याची सोय झाली. ही गोष्ट स्वयंसेवकांच्या हातची नव्हतीच. जे काम सरकारी यंत्रणेनेच करायचे असते ते चांगुलपणावर ढकलता येत नाही. उलटपक्षी, अडचण कोठे आहे हे वरपर्यंत कळविणे हे स्वयंसेवकाचे काम असते.

आता सर्वांत नाजूक भाग. यजमान मनाने कितीही चांगला असला तरी तो एकाच वेळी घरमालक, वाटाड्या, दुभाष्या आणि त्या गावातील एकमेव ओळखीचा माणूस होऊन बसतो. मग पाहुणीने "नाही" कसे म्हणायचे? स्वयंपाकघर कोणाचे, हीटर किती वाजेपर्यंत लावायचा, मुलगा मोठ्याने खेळला तर चालेल का? बाई सतत हळू बोलते, सतत आभार मानते. हे आभार फार महाग असतात. युक्रेनी घरात बीट घातलेले बोर्श्च शिजते, त्याच्या पाककलेस युनेस्कोने जुलै २०२२ मध्ये तातडीने जतन करावयाच्या वारशांच्या यादीत स्थान दिले. पण परक्या घरात ते दोन तास शिजवायला शेगडी अडवायची म्हणजे आधी परवानगी मागायची!

याहून गंभीर धोकाही होता. पाहुणे व यजमान यांनी एकमेकांना स्वतःच शोधायचे, अशी योजनेची रचना होती. त्यातून एकट्या बायकांना वाईट हेतूच्या माणसांकडून निरोप येऊ लागले. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला ब्रिटिश सरकारला सांगावे लागले, की एकट्या पुरुषांच्या घरी एकट्या बायका व लेकुरवाळ्या पाठवू नका, जोड्या जुळविण्याची नीट व्यवस्था करा.

म्हणूनच यजमान वेगळा आणि आधार देणारा वेगळा, ही व्यवस्था आम्हाला अधिक बरी वाटते. मँचेस्टर, ब्रॅडफर्ड, नॉटिंगहॅम या शहरांत ती आपोआप झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांत व शेतांवर कामाला आलेल्या युक्रेनी निर्वासितांनी तेथे आपली मंडळे व शनिवारच्या शाळा काढल्या होत्या. त्यांची संघटना १९४६ पासूनची. २०२२ साली त्यांची मुले-नातवंडे दुभाषी म्हणून उभी राहिली. पाहुण्या बाईला यजमानाचे गाऱ्हाणे सांगायला आपल्या भाषेतली एक जागा मिळाली.

आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे जुन्या लोकांना आठवत असेल. बहुतेक बायका व मुलेच. त्यांतील कित्येकांची गावे आज युक्रेनच्या नकाशात आहेत. तेथे त्यांना कोणाच्या घरात खोली मिळाली नव्हती. बराकींत कुटुंबागणिक जागा, त्यांच्याच शाळा, त्यांचेच चर्च. छावणीचे तोटे पुष्कळ, पण ज्याला आपले म्हणता येईल असे एक दार होते. पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि ते आजचे गांधीनगर झाले.

विद्यार्थ्यांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. स्वागत सर्वांना सारखे मिळाले नाही. सीमेवर आफ्रिकी व भारतीय विद्यार्थ्यांना रांगेत मागे ढकलले गेले. परत आलेल्या आपल्या मुलांनी ते स्वतः सांगितले आहे. युक्रेनमधूनच आलेल्या रोमा लोकांना मोल्दोव्हासारख्या देशात वेगळ्या निवाऱ्यांत ठेवले गेले. बाँब त्यांच्यावरही पडले होते, रांगही तीच होती, पण 'हे कोण' असे विचारून त्यांना वेगळे काढले. हे वाचून आमच्या वाचकांना काय वाटेल ते लिहायची जरुरी नाही. त्याच पोलंडच्या बेलारूसकडील जंगलात २०२१ पासून मध्यपूर्वेतील व आफ्रिकेतील माणसे थंडीत अडकून पडत होती. त्यांच्यापर्यंत अन्न-पाणी नेणाऱ्या काही स्वयंसेवकांवर खटले भरले गेले. फलाटावर सूप वाढणे आणि जंगलात सूप नेणे यांत कृतीचा फरक नाही. तरी एकास फुले मिळाली व दुसऱ्यास समन्स. यामुळे फलाटावरच्या मदतीचे मोल कमी होत नाही, पण अभ्यास करताना दोन्ही पाने वाचावी लागतात.

आपल्या खार्किवच्या बाईकडे परत येऊ. सहा महिने संपले, वर्षही संपले. तिने इंग्रजीचे वर्ग केले, पण तिचे हिशेबनिसाचे प्रमाणपत्र तेथे जसेच्या तसे चालत नाही, म्हणून ती हॉटेलात खोल्या साफ करते. असे शिकलेल्या बायकांच्या बाबतीत सर्वत्र झाले. आता तिला स्वतःचे भाड्याचे घर हवे आहे. घरमालक अनामत मागतो, जामीनदार मागतो, मागील पगारपत्रके मागतो. यजमानाचे घर सुटले आणि दुसरे मिळाले नाही म्हणून हजारो युक्रेनी कुटुंबांना कौन्सिलकडे बेघर म्हणून अर्ज करावा लागला. पहिल्या दिवशीचे बहुसंख्य मदतनीस तोवर आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

तशात मुदतीची तलवार आहेच. ब्रिटनने प्रथम तीन वर्षांची परवानगी दिली, फेब्रुवारी २०२५ पासून ती आणखी अठरा महिने वाढवून देण्यास सुरुवात केली, मात्र हा काळ कायम वास्तव्याच्या हक्कासाठी धरला जात नाही. युरोपीय संघाने आपली मुदत मार्च २०२७ पर्यंत नेली आहे. घरमालकास बारा महिन्यांचा करार हवा असतो आणि बाईच्या परवानगीचे सात महिने उरलेले असतात. अशा वेळी जे टिकून राहिले ते मोजके स्वयंसेवक काय करतात? मुदतवाढीचा नियम छापून घरमालकापुढे ठेवतात, कौन्सिल अनामतीची हमी घेईल का ते विचारतात, आणि अर्जाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवतात. अर्ज आता बाई स्वतःच भरते. शेजारी बसलेले माणूस फक्त स्पेलिंग पासपोर्टाशी ताडून पाहते.