बंबवाल्यांचा नायक

मोठ्या शहरात कोठे आग लागली, की घंटा वाजवीत बंब धावून येतो. जळणारे घर कोणाचे, त्याचा विमा उतरलेला आहे की नाही, याची चौकशी बंबवाले करीत बसत नाहीत. आपल्याला ही गोष्ट अगदी स्वाभाविक वाटते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंड व स्कॉटलंड या देशांत तशी स्थिती नव्हती. तेथे पुष्कळसे बंब विमा कंपन्यांच्या मालकीचे असत. आपण विमा उतरलेले घर ओळखू यावे, म्हणून कंपनी त्या घराच्या भिंतीवर धातूची मुद्रा ठोकीत असे. एकाच आगीवर अनेक कंपन्यांचे बंब जमत. प्रत्येकाचा मुकादम निराळा आणि प्रत्येकाचा हुकूमही निराळा!

1824 साली स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे हा गोंधळ मोडण्याचे ठरले. सर्व बंब एकत्र करून शहराचे एकच दल स्थापण्यात आले आणि त्याच्या नायकाच्या जागी जेम्स ब्रेडवुड या तरुणाची नेमणूक झाली. त्याचे वय तेव्हा अवघे 24 वर्षांचे होते. दलाची कवाईतही पुरी झाली नव्हती, तोच 15 नोव्हेंबर रोजी शहराच्या जुन्या भागात प्रचंड आग भडकली. ती कित्येक दिवस विझली नाही. ट्रॉन चर्चचा मनोरा जळून कोसळला व शेकडो कुटुंबे उघड्यावर पडली. त्या धांदलीत शहरातील अधिकारी आणि प्रतिष्ठित गृहस्थ बंबवाल्यांस परस्परविरुद्ध आज्ञा देत होते. तरुण नायकाचे ऐकतो कोण? पुढे मात्र नगरसभेने निश्चित केले, की आगीच्या जागी हुकूम एकट्या नायकाचाच चालेल.

ब्रेडवुडने आपली माणसे मोठ्या विचाराने निवडली. छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे आणि लोहार हे त्याला विशेष पसंत असत. छपरे शाकारणाऱ्याचा पाय उंचावर डळमळत नाही. कोणती भिंत उभी राहील व कोणती ढासळेल, हे गवंड्याला व सुताराला नजरेनेच कळते. आणि बिघडलेला पंप लोहार जागच्या जागी दुरुस्त करतो. या मंडळींची कवाईत पहाटेच्या काळोखात होत असे, कारण आग काही दिवस उजाडण्याची वाट पाहत नाही.

त्या काळी रस्त्यात उभे राहून खिडकीतून पाणी फेकण्याचीच रीत होती. त्यामुळे पाणी पडे धुरावर, आणि ज्वाळा आत सुखरूप राहत! पाण्याची धार प्रत्यक्ष आगीवर पडली पाहिजे आणि त्यासाठी घरात शिरले पाहिजे, असा ब्रेडवुडचा आग्रह होता. जमिनीलगत धूर विरळ असतो, म्हणून ओणवे होऊन पुढे सरकावे. आणि एकट्याने कधीही आत जाऊ नये, म्हणजे एक गुदमरला तर दुसरा त्याला बाहेर ओढील. हे सारे अनुभव त्याने 1830 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एकदा एका पेटलेल्या दुकानात बंदुकीच्या दारूची पिंपे असल्याचे समजले. त्याने दुसऱ्या कोणाला आत पाठविले नाही; तो स्वतः गेला आणि पिंपे बाहेर घेऊन आला.

1833 साली लंडनमधील दहा विमा कंपन्यांनी एकत्र येऊन सुमारे 80 जवानांचे दल उभारले व ब्रेडवुडला त्याचा प्रमुख नेमले. विमा नसलेल्या घरांची आगही हे दल विझवी. तरीसुद्धा मालमत्ता वाचविणे हेच त्याचे ठरलेले काम होते. माणसांना खाली उतरविण्याच्या उंच शिड्या एका निराळ्या धर्मादाय संस्थेकडे असत. वास्तविक ही व्यवस्था विलक्षणच म्हटली पाहिजे. ब्रेडवुडही सर्व बाबतींत काळाच्या पुढे होता असे नाही. वाफेच्या बंबाविषयी तो फार दिवस साशंक राहिला, आणि त्याचे जवान दांडे हातांनी हलवूनच पाणी चढवीत राहिले. अवाढव्य गोदामांच्या धोक्याविषयी मात्र तो वारंवार इशारा देत असे. मधल्या भिंतींना लोखंडी दारे असावीत आणि ती बंद ठेवावीत, असे त्याचे सांगणे होते.

22 जून 1861 रोजी, शनिवारी, टेम्स नदीकाठी टूली स्ट्रीटवरील एका गोदामाला आग लागली. आत ताग, कापूस, साखर, सोरा आणि चरबी खच्चून भरलेली होती. लोखंडी दारे उघडीच राहिली होती, त्यामुळे ज्वाळा एका गोदामातून दुसऱ्यात पसरत गेल्या. वितळलेली चरबी नदीत वाहून आली व पाण्यावरही जाळ दिसू लागला. जवान उष्णतेने होरपळून थकले होते. त्यांना थोडी ब्रँडी देऊन हुशार करण्यासाठी ब्रेडवुड त्यांच्यापाशी गेला असता एक भिंत फुगली आणि कडाडून खाली आली. तिच्याखाली सापडून तो तत्काळ मरण पावला. ढिगाऱ्यातून त्याचा देह बाहेर काढण्यास दोन दिवस लागले. त्याच्या अंत्ययात्रेची रांग सुमारे दीड मैल लांब होती. आग पुरती विझण्यास दोन आठवडे गेले.

या आगीत विमा कंपन्यांचे अतोनात नुकसान झाले. एवढ्या मोठ्या शहराच्या रक्षणाचा भार आम्हांला पेलवत नाही, असे त्यांनी सरकारला कळविले. तेव्हा 1865 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 1866 पासून लंडनचे सार्वजनिक अग्निशामक दल सुरू झाले. आग विझविण्याबरोबरच जीवित व वित्त यांचे रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य कायद्यातच लिहिले गेले. 1867 साली त्या धर्मादाय संस्थेच्या शिड्याही दलाकडे आल्या. पुढे 1889 साली हे दल नव्या लंडन काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, लोकनियुक्त मंडळाच्या हाती सोपविण्यात आले.