चेन सॉची साखळी निवडताना

पावसाळी वादळात धुऱ्यावरचे बाभळीचे झाड बांधीत आडवे झाले की ऐन रोवणीच्या घाईत ते हलवावे लागते. सिंदेवाही, नागभीड, मूल या धानपट्ट्यात अशा कामासाठी चेन सॉ यंत्र उपयोगी पडते. यंत्र घेताना आपण ताकद आणि किंमत बारकाईने पाहतो. साखळी मात्र दुकानदार देईल ती आणतो. चुकीच्या मापाची साखळी बारवरून निसटते किंवा तुटते, आणि तिचा फटका चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो.

साखळीची तीन मापे जुळली पाहिजेत. पहिले पिच. लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या व तिसऱ्याच्या मध्यांतील अंतर मोजून निम्मे करावे. हे अंतर 19 मि.मी. भरले तर पिच 3/8 इंच, 16.5 मि.मी. भरले तर 0.325 इंच. लहान यंत्रांना 3/8 इंचाचीच, पण बुटक्या दात्यांची साखळी येते. ती मोठ्या यंत्राच्या 3/8 स्प्रॉकेटवर चढवू नये. दुसरे गेज, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कडीची जाडी. ती बहुधा 1.3, 1.5 किंवा 1.6 मि.मी. असते. जाड कडी खाचेत शिरतच नाही. पातळ कडी शिरते, पण डुलते व काप वाकडा जातो. तिसरे माप या कड्यांची संख्या. सारख्याच लांबीच्या दोन बारना कड्या कमीजास्त लागू शकतात, म्हणून नुसते 'सोळा इंची साखळी द्या' असे सांगणे पुरेसे नाही. ही मापे बहुधा बारच्या मागच्या टोकाशी ठोकलेली असतात. पुसली असल्यास जुनी साखळी दुकानात सोबत न्यावी.

यानंतर दात्याचा विचार. आजच्या साखळीचा दाता अमेरिकेतील ओरेगनच्या जो कॉक्स यांना 1946 साली लाकूड पोखरणारी अळी पाहून सुचला. खोडकिड्याने जेरीस आलेल्या धान उत्पादकाला याचे कौतुक वाटणार नाही, हे खरे! दाते मुख्यतः दोन प्रकारचे. चौकोनी कोपऱ्याचा दाता ओल्या, स्वच्छ लाकडात झपाट्याने कापतो. परंतु मातीचा खडा लागला की कोपरा जातो आणि धार संपते. गोलसर कोपऱ्याचा दाता थोडा सावकाश कापतो, पण धार टिकवतो. आपल्याकडे बाभूळ, ऐन, बिजा ही लाकडे कठीण, बहुतेक वेळा वाळलेली, आणि धुऱ्यावरचा बुंधा चिखलाने माखलेला. सागाच्या लाकडात तर सिलिकाच असते. तेव्हा धानपट्ट्यात गोलसर दात्याचीच साखळी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही कापण्याच्या जागेवरची माती कोयत्याने खरवडून काढावी.

बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की यंत्र उसळून तोंडाकडे येते. वर्षातून चार वेळा यंत्र हातात घेणाऱ्याने दात्यापुढे उंचवट्याची कडी असलेली, झटका कमी करणारी साखळी निवडावी. तिने टोक खुपसून नीट कापता येत नाही. नवख्याने तसे कापूही नये.

साखळीसोबतच योग्य गोल कानस घ्यावी: बुटक्या दात्याला 4 मि.मी., 0.325 इंच पिचला 4.8 मि.मी., मोठ्या 3/8 इंचाला 5.2 किंवा 5.5 मि.मी. चिपाट्यांऐवजी भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. दोन्ही बाजूंचे दाते सारख्या लांबीचे राखावेत, नाहीतर काप एका बाजूला ओढतो. दात्यापुढील खुंटी दात्याच्या धारेपेक्षा सुमारे 0.65 मि.मी. खाली असावी. जास्त कापावे म्हणून ती अधिक घासली तर यंत्र लाकडात आदळते आणि उसळण्याचा धोका वाढतो. स्प्रॉकेटला साखळीने खोल चरे पाडले असतील तर त्यावर नवी साखळी चढवू नये. ती लवकर झिजते. आधी स्प्रॉकेट बदलावे.