पहिला फ्लॉवर: आधी थंडी बघा, मग बियाणे घ्या

परसात फ्लॉवर जमत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा दुकानात मिळाले ते पाकीट आणून सवड मिळाली तेव्हा पेरलेले असते. वांगी-टोमॅटो एवढे सांभाळून घेतात, फ्लॉवर घेत नाही. 1822 मध्ये इंग्लंडच्या क्यू उद्यानातून याचे बियाणे सहारनपूरला आले. इकडच्या ऊन-पावसात तगलेल्या झाडांचे बी लोक धरत गेले आणि त्यातून हळवे, म्हणजे लवकर येणारे, वाण तयार झाले. 'पुसा दीपाली'सारखे हळवे वाण साधारण 20 ते 27 अंशांत गड्डा धरतात. 'स्नोबॉल 16'सारख्या गरव्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या, वाणांना 10 ते 16 अंशांची थंडी लागते. गरवा वाण लवकर पेरला तर पानेच पाने येतात. हळवा उशिरा थंडीत लावला तर सुपारीएवढा गड्डा धरून झाड थांबते. त्यामुळे पाकिटावरच्या फोटोपेक्षा पेरणीचा महिना आधी वाचा.

नवख्याने पुणे-नाशिककडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गरवा किंवा निमगरवा वाण पेरावा. कोकणात थंडी थोडी आणि उशिरा, तिथे हळवाच बरा.

हळव्याच्या वीस झाडांना साधारण चार चौरस मीटर जागा पुरते, गरव्याच्या वीस झाडांना साडेपाच लागते. दिवसाचे सहा तास तरी ऊन हवे. रोपे तयार होईपर्यंत जमीन तयार करून ठेवा: आठ-दहा किलो चांगले कुजलेले शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि सपाट एक छोटा चमचा बोरॅक्स. बोरॅक्स वाळूत मिसळून सगळ्या वाफ्यावर सारखे फेका. बोरॉन कमी पडले की खोड आतून पोकळ होते, गड्ड्यावर तपकिरी डाग पडतात. मात्र चमच्याचे दोन करू नका, जास्त झालेले बोरॉन पिकाला विषच. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत आणखी एक अडचण येते. तिथे मॉलिब्डेनम पिकाला मिळत नाही आणि पाने चाबकाच्या वादीसारखी अरुंद निघतात. लावणीच्या महिनाभर आधी थोडा चुना मिसळला की हे बरेचसे टळते.

बी गादीवाफ्यावर किंवा कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये, एक सेंटिमीटर खोल पेरा आणि वर आच्छादन घाला. दाट पेरू नका. दाटीत आणि सततच्या ओलीत रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. चार-सहा दिवसांत उगवण होते, त्याच दिवशी वरचे आच्छादन काढा, नाहीतर रोपे लांबट होतात. पंचवीस-तीस दिवसांनी चार-पाच पाने आली की लावणी करा. दीड महिन्याचे जून रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, त्याला हमखास बटन, म्हणजे सुपारीएवढाच गड्डा, पडते. प्रत्येक रोपाचा मधला कोंब बघून घ्या. किडीने खाल्लेला किंवा मोडलेला असेल तर ते रोप फेकून द्या, त्याला गड्डा धरणारच नाही.

लावणी संध्याकाळी करा. हळव्याला 45 सेंटिमीटर अंतर पुरते, गरव्याला 60 बाय 45 द्या. माती घट्ट दाबून लगेच पाणी द्या.

इथून पुढे एकच पथ्य: झाडाची वाढ कुठेही अडू नये. पाण्याचा ताण पडला, तण माजले किंवा खत संपले की झाड घाबरून छोटा गड्डा धरते आणि मग काही केले तरी तो फुगत नाही. वाफसा राहील असे पाणी द्या, चिखल नको. तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी खुरपून, खोडापासून चार बोटे लांब ओंजळभर गांडूळखत किंवा अर्धा छोटा चमचा युरिया द्या आणि मातीची भर लावा. मुळे वरच्याच थरात असतात, खोल खुरपू नका.

चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या हिरव्या अळ्या पानांना भोके पाडतात. वाफ्याच्या कडेला मोहरी पेरली की पतंग आधी तिच्याकडे जातो. रोज सकाळी पानांची खालची बाजू बघून अळ्या वेचल्या तर वीस झाडांना फवारणीची गरज क्वचितच पडते. पडलीच तर पाच टक्के निंबोळी अर्क, उन्हे उतरल्यावर.

गड्डा मोठ्या लिंबाएवढा दिसू लागला की बाहेरची पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधा. ऊन लागले तर गड्डा पिवळा पडतो आणि चवही उतरते. पाने आधी कोरडी असू द्या, आत पाणी साचले की गड्डा कुजतो. एक दिवसाआड उघडून बघा. वजनापायी थांबण्याचा मोह फार होतो, पण कडा सुटायला लागल्या, गड्डा खरखरीत दिसू लागला की उशीर झालाच. घट्ट असतानाच दोन-चार पानांसह कापा आणि शिजवण्याआधी मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवा, लपलेली अळी वर येते.

एका झाडाला एकच गड्डा. कापल्यावर बुंधा मुळांसकट उपटा. त्या वाफ्यात दोन-तीन वर्षे कोबी, नवलकोल, मुळा, मोहरी नको. उन्हाळ्यात तिथे चवळी किंवा गवार टाका.