आधी काटा पडला, मग गाडी

मे महिन्यातली दुपार, दीडची वेळ. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर प्रस्तुत लेखकाची नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी एकाएकी गप्प झाली. हिसका नाही, आवाज नाही. मागे सिमेंटचा बल्कर हॉर्नवर हात ठेवून उभा. लेखकाचा हात सवयीने चावी काढायला गेला आणि शेजारी बसलेल्या बायकोने तो धरला, “अहो, स्टिअरिंग लॉक होईल!”

तिचं बरोबर होतं. इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लगेच जात नाहीत. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा साथ देतो. म्हणून ब्रेक पंपासारखा मारत बसायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. स्टिअरिंग जड होतं, पण वळतं, मात्र चावी जागेवर हवी. चारी इंडिकेटर लावायचे, मिळेल त्या वेगात डावी कड गाठायची आणि माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करायचं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे.

वीस मिनिटांनी सेल्फ मारला, तर गाडी काही घडलंच नाही अशी सुरू झाली. खरा त्रास इथूनच सुरू होतो. गॅरेजच्या दारात अशी गाडी अगदी शहाण्यासारखी वागते, मग मिस्त्री अंदाजाने एकेक पार्ट बदलतो आणि मालक मान डोलावतो. तीन महिन्यांत प्लग झाले, बॅटरी झाली, शेवटी टाकीतला पेट्रोल पंपही झाला. सोळा हजार गेले. गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी नगर रस्त्यावर.

शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने बॉनेट उघडण्याआधीच विचारलं, “आरपीएमचा काटा कसा पडला? झटक्यात शून्यावर, का हळूहळू?” लेखकाने काट्याकडे पाहिलंच नव्हतं. बायकोने पाहिलं होतं. गाडी गिअरमध्ये, चाकं फिरत होती, आणि काटा थेट शून्यावर.

यातच निदान होतं. क्लच न दाबता गाडी घरंगळत असते तेव्हा चाकं इंजिनला फिरवत असतात. तरीही काटा शून्य दाखवत असेल, तर इंजिन फिरतंय ही बातमीच कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. ती बातमी देतो क्रँकशाफ्टचा पोझिशन सेन्सर. ती थांबली की कॉम्प्युटर पेट्रोलही तोडतो आणि ठिणगीही. हा सेन्सर इंजिनला खेटून बसलेला असतो. जुना झाला की तापल्यावर आतला जोड सुटतो आणि निवल्यावर परत जुळतो. वीस मिनिटांचं कोडं सुटलं. स्कॅनर लावल्यावर पी०३३५ हा कोड साठवलेला सापडला. नवा सेन्सर मजुरीसकट अठराशेला बसला.

सगळ्याच गाड्यांचा दोष सेन्सरमध्ये असतो असं नाही. काटा गाडीच्या वेगाबरोबर उतरत गेला, आधी गाडी ओढेनाशी झाली, हिसके देऊ लागली, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर घ्यावा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो येतो का ते ऐकावं. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी चालवणारे त्याचं आयुष्य स्वतःच कमी करतात. फक्त सिग्नलला थांबताना बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आधी साफ करून घ्यावा. आणि डॅशबोर्डसकट सगळंच काळं झालं, तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर हलवून पाहावी. त्याला पैसे पडत नाहीत.

किल्ल्यांचा जुडगाही तपासावा. ही थट्टा नव्हे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण जड जुडग्याने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने इग्निशन स्विच आपोआप मागे सरकत होता. इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

उष्णतेने गाडी घाटात रुसणं जुनंच आहे. फियाटच्या जमान्यात तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि लोक त्यावर ओलं फडकं टाकून गप्पा मारत बसायचे. त्यांच्या डोळ्यांना कारण दिसत होतं, एवढाच फरक.

वाचकांना एक विनंती. गाडी बंद पडली तर गॅरेजला फोन करण्याआधी कागदावर चार-पाच ओळी लिहा: काटा कसा पडला, दिवे राहिले का, टाकीत पेट्रोल किती होतं, इंजिन किती तापलं होतं आणि किती वेळाने परत सुरू झालं. तो कागद आधी मिस्त्रीच्या हातात द्या. मिस्त्री न वाचता पाना उचलत असेल, तर गॅरेज बदला.

लेखकाच्या गाडीतून काढलेला जुना पेट्रोल पंप त्या फिटरने तपासून पाहिला. तो चांगला निघाला.