विमानतळाची वाढ आणि शेतमालाची वाहतूक

नाशिक जिल्ह्यातील ओझर येथील विमानतळाचा विस्तार चालू असून तेथून निघणाऱ्या विमानसेवाही गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. निफाड व दिंडोरी तालुक्यांत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास त्यामुळे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विमान जर दाराशी येऊन उभे राहिले आहे, तर शेतातील माल विमानाने का पाठवू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ उत्साहाने देऊन भागणार नाही. विमानाच्या भरवशावर एखाद्या गटाने कर्ज काढून पॉलिहाऊस उभारले आणि माल तयार झाल्यावर विमानात जागाच नाही असे आढळले, तर होणारे नुकसान विमान कंपनीचे नसते, शेतकऱ्याचे असते. यास्तव विमानतळाची वाढ म्हणजे नेमके काय वाढते, हे कार्यकर्त्याने प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

ओझरची धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी बांधलेली नाही. मिग जातीच्या लढाऊ विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली येथे स्थापन झाला व त्या कारखान्याची धावपट्टी म्हणून ती तयार झाली. तिची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. जानोरी गावाच्या बाजूस प्रवाशांसाठी इमारत २०१४ साली उभी राहिली. परंतु इमारत झाली म्हणून विमाने आली असे झाले नाही. सेवा सुरू व्हावयाची आणि काही काळाने बंद पडावयाची, असे अनेक वर्षे चालले. मार्च २०२३ पासून इंडिगो कंपनीने गोवा, अहमदाबाद व नागपूर येथे जाणारी विमाने सुरू केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीची सेवा सुरू झाली. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने दुसरी समांतर धावपट्टी करण्याचेही २०२५ साली ठरले.

धावपट्टीच्या लांबीस एवढे महत्त्व का, हे शेतकऱ्यास सहज पटणारे आहे. भरलेली बैलगाडी चढावर नेण्यास रिकाम्या गाडीपेक्षा अधिक जोर लागतो. त्याचप्रमाणे भरलेल्या विमानास हवेत उठण्यासाठी अधिक धाव घ्यावी लागते. त्यातच हवा तापली की ती विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो आणि धाव आणखी लांबते. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा मुळातच विरळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी आखूड धावपट्टीवरून निघणाऱ्या विमानास भार कमी करावा लागतो. असा प्रसंग आला की प्रवासी खाली उतरवले जात नाहीत, माल उतरवला जातो. ओझरची धावपट्टी लांब असल्याने ही अडचण तेथे फारशी जाणवत नाही. परंतु अमरावतीजवळील बेलोरा येथे, जेथून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, धावपट्टी १,८५० मीटरची आहे व ती लहान विमानांसाठीच योग्य आहे. आपल्या जिल्ह्यातील विमानतळाविषयी चौकशी करताना धावपट्टी किती लांब आणि विमान कोणते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

विमान कोणते, या प्रश्नातच खरी मेख आहे. प्रादेशिक मार्गांवर बहुधा एटीआर जातीचे, पंख्यांचे विमान चालते. त्यात सुमारे ७८ प्रवासी बसतात आणि प्रवासी, त्यांचे सामान व माल मिळून ते सुमारे साडेसात टन भार उचलते. प्रत्येक प्रवाशाचे वजन सामानासह सरासरी ९० किलो धरले, तर ७८ प्रवाशांचे सात टन झाले. उरले सुमारे पाचशे किलो. पाच किलोच्या शंभर पेट्या! गावातील एक साधी पिकअप गाडी याच्या तिप्पट माल नेते. शिवाय हे पाचशे किलोही हमीचे नव्हेत. त्यात टपाल, कुरिअर व औषधे यांचाही वाटा असतो. दिल्लीसारख्या लांबच्या मार्गावर मोठे जेट विमान असले तर प्रवासी भरूनही त्याच्या पोटात दोन-तीन टन मालास जागा राहू शकते. म्हणून 'नवी विमानसेवा सुरू झाली' ही बातमी वाचून हिशेब मांडू नये. ती सेवा कोणत्या जातीच्या विमानाची आहे, आठवड्यातून किती दिवसांची आहे आणि हंगामात ती चालू राहील काय, हे समजल्यावरच हिशेब मांडावा.

केवळ माल नेणारी विमाने वेगळी असतात व त्यांतील अनेक विमाने वीस टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माल नेतात. परंतु वीस टन माल एकाच दिवशी, एकाच प्रतीचा, एकाच गिऱ्हाईकासाठी तयार असावा लागतो. आणि परतीच्या खेपेस विमान रिकामे आले तर तेही भाडे त्याच मालावर पडते. ओझरहून शेळ्या-मेंढ्या अशा मालवाहू विमानांनी शारजास गेल्या आहेत. जनावर मौल्यवान, आखाती देशांतील मागणी ठरलेली आणि एका खेपेस विमान भरेल एवढी संख्या उपलब्ध, असे तिन्ही योग तेथे जुळले. भाजीपाल्याच्या बाबतीत हे योग क्वचितच जुळतात.

आता भाड्याचा एक नियम पाहू, कारण अनेकांचा हिशेब येथेच चुकतो. विमानाचे भाडे वजनावर घेतले जाते, पण ते नेहमी खऱ्या वजनावर नसते. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६,००० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या पेटीचे 'आकारमानी वजन'. खरे वजन व आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे पडते. उदाहरणार्थ, ६० × ४० × ३० सेंटीमीटरच्या पेटीचा गुणाकार ७२,००० होतो व आकारमानी वजन १२ किलो येते. या पेटीत गुलाबाच्या फुलांच्या जुड्या भरल्या व त्यांचे वजन सात किलो भरले, तरी भाडे बारा किलोंचे द्यावे लागेल. किलोला ४० रुपये भाडे आहे असे समजले, तर पेटीचे ४८० रुपये झाले. म्हणजे खऱ्या वजनावर किलोमागे जवळजवळ ६९ रुपये पडले. तीच पेटी २० सेंटीमीटर उंचीची केली व त्यात सहा किलो फुले दाबली न जाता बसली, तर आकारमानी वजन आठ किलोंवर येते आणि किलोमागे भाडे सुमारे ५३ रुपये पडते. पेटीच्या उंचीतील दहा सेंटीमीटरचा हा फरक आहे. पेट्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी कार्यकर्त्याने हे गणित गटासमोर फळ्यावर करून दाखवावे.

यावरून कोणता माल विमानास योग्य, हे आपोआप ठरते. जो माल लवकर नासतो, ज्यास किलोमागे भाव मोठा मिळतो आणि जो थोड्या जागेत मावतो, तोच. कांदा, बटाटा, कोबी, टोमॅटो यांचा विचारही करू नये. महाराष्ट्रातून युरोपात व आखातात विमानाने जाणाऱ्या मालात भेंडी, हिरवी मिरची, कढीपत्ता व हापूस आंबा ही नावे प्रमुख आहेत. देशांतर्गत बाजारासाठी स्ट्रॉबेरी, अंजीर व फुले यांचा विचार करता येतो. जानोरी-मोहाडी भागातील गुलाब उत्पादकांस दिल्लीची सेवा या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

आणि द्राक्षे? नाशिकचे नाव ज्या पिकामुळे परदेशी पोहोचले, ते पीक विमानाने फारसे जात नाही, याचे पुष्कळांस आश्चर्य वाटते. शून्य अंशाजवळ थंड केलेली व पेटीत गंधकवायूचा कागद ठेवलेली द्राक्षे वातानुकूलित कंटेनरमधून समुद्रमार्गे तीन-चार आठवड्यांचा प्रवास करून युरोपात चांगल्या स्थितीत उतरतात. बोटीचे भाडे विमानाच्या भाड्याच्या तुलनेने अल्प असते. जो माल बोटीत टिकतो त्यास विमानात बसवणे म्हणजे भाव वाऱ्यावर सोडणे होय. द्राक्ष बागायतदाराच्या दृष्टीने ओझरच्या विस्तारापेक्षा न्हावाशेवा बंदरापर्यंतचा रस्ता आणि पॅकहाऊसमधील पूर्वशीतकरण ही अधिक महत्त्वाची आहेत, हे त्यास स्पष्टपणे सांगावे, जरी ते ऐकण्यास त्यास आवडले नाही तरी.

विमानाने माल पाठवावयाचा म्हणजे थंडाव्याची गरज संपली, अशी एक समजूत आढळते. वस्तुस्थिती उलट आहे. विमानाचा हवेतील वेळ दीड-दोन तासांचा असतो. पण माल शेतातून निघाल्यापासून गिऱ्हाईकाच्या दुकानात पोहोचेपर्यंत दहा-बारा तास सहज जातात. उड्डाणाच्या काही तास आधी माल विमानतळावर पोहोचवावा लागतो, तेथे त्याची यंत्राने सुरक्षा तपासणी होते, हवाई पावती तयार होते आणि मग तो हातगाड्यांवर चढून विमानाशेजारी उन्हात उभा राहतो. प्रवासी विमानाच्या मालकप्प्यात शीतगृहासारखी सोय नसते. तापमान दहा अंशांनी वाढले की फळाभाजीचा श्वसनवेग दुप्पट ते तिप्पट होतो व तेवढ्याच वेगाने तिचे आयुष्य घटते. म्हणून तोडणी पहाटे करावी, माल तोडल्याबरोबर सावलीत आणावा व पेटीत भरण्यापूर्वी पूर्वशीतकरण करावे. स्ट्रॉबेरी व अंजीर शून्य अंशाजवळ थंड करावीत. भेंडी व मिरची मात्र सात ते दहा अंशांखाली नेऊ नयेत, अन्यथा थंडीचा चट्टा पडून माल काळवंडतो. हापूस आंब्यास बारा-तेरा अंश पुरे. पेट्यांच्या थप्पीवर उष्णतारोधक आच्छादन घालण्यास विसरू नये. विमानतळावर शीतगृह आहे काय आणि तपासणीचे यंत्र मालासाठी स्वतंत्र आहे काय, याची चौकशी प्रत्यक्ष जाऊन करावी; फोनवरील उत्तरावर विसंबू नये.

सोयी एका ओळीत नसल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र मुळात कांद्याचे कोंब रोखण्यासाठी होते. अमेरिकेने २००७ साली भारतीय आंब्यास किमान ४०० ग्रे मात्रेच्या विकिरणाच्या अटीवर प्रवेश दिला, तेव्हा आंबा कोकणातून लासलगावला येई, तेथे विकिरण होई आणि तोच आंबा पुन्हा मुंबईस जाऊन विमानात चढे. ओझर वाटेवर असूनही उपयोगी पडले नाही, कारण अमेरिकेस जाणारी मोठी विमाने मुंबईस होती. पुढे पणन मंडळाने वाशी येथे विकिरणाची सोय केली. प्रक्रिया, विमान व बाजारपेठ ही तिन्ही एका रेषेत आली तरच वेळ वाचतो.

याउलट बिहारमधील दरभंगा येथे ही तिन्ही जुळून आली. तेथील प्रवासी सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली व नंतरच्या हंगामांत मुजफ्फरपूर भागातील लिची तेथून विमानाने मोठ्या शहरांत जाऊ लागली. लिचीची साल दोन-तीन दिवसांत तपकिरी पडते, हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा असतो, शहरात भाव चांगला मिळतो आणि त्या मार्गावर जेट विमाने होती.

'कृषी उडान' योजनेविषयीही स्पष्टता हवी. ही योजना २०२० साली जाहीर झाली व ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचे सुधारित रूप आले. ईशान्य भारत, डोंगराळ व आदिवासी भाग यांवर तिचा मुख्य भर आहे. तिच्यातील सवलत निवडक विमानतळांवर मालवाहू विमानांस लागणाऱ्या उतरण्याच्या, थांबण्याच्या व तत्सम शुल्कांत आहे. शेतकऱ्याच्या हाती भाड्याचे अनुदान पडत नाही. कोणी तसे आश्वासन देऊन नोंदणीचे पैसे मागत असेल तर सावध राहावे.

मुंबईचा पर्यायही नेहमी ताडून पाहावा. समृद्धी महामार्गाचा अखेरचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. संध्याकाळी नाशिकहून शीतवाहनाने निघालेला माल त्याच रात्री मुंबईच्या मोठ्या विमानात चढू शकतो. जवळचा विमानतळ तोच सोयीचा, असे प्रत्येक वेळी नसते.

विमानतळालगतच्या गावांनी आणखी एक पथ्य पाळावयाचे आहे. सडका कांदा, मेलेली कोंबडी किंवा जनावर उघड्यावर टाकल्यास घारी व इतर पक्षी जमतात आणि ते विमानास धडकण्याचा धोका असतो. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात असा कचरा उघड्यावर टाकण्यास कायद्याने मनाई आहे. फवारणीचा ड्रोनही या परिसरात हवाई नकाशा पाहून व आवश्यक ती परवानगी घेऊनच उडवावा.

एखाद्या गटास विमानाने माल पाठवून पाहावयाचाच असेल, तर पहिली खेप दहा-वीस पेट्यांची करावी. त्याच तोडणीची, त्याच पद्धतीने भरलेली एक पेटी गावातच सावलीत ठेवावी व दुसरी नेहमीच्या मालमोटारीने त्याच गिऱ्हाईकाकडे पाठवावी. माल पोहोचल्यावर गिऱ्हाईकाकडून दोन्हीकडील मालाची छायाचित्रे, मिळालेला भाव व बाद झालेले वजन मागवून वहीत लिहावे. अशा तीन खेपांच्या नोंदी हाती आल्याशिवाय नव्या लागवडीसाठी कर्जाचा अर्ज भरू नये.